उद्यमनगरातली जीप



कोल्हापूरला तुमच्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. अंबाबाईचे दर्शन घ्यावे, रंकाळ्याला एक चक्कर मारावी, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे जेवण करावे आणि चपलेचा जोड पिशवीत टाकून संध्याकाळची एसटी धरावी, हा आपला ठरलेला कार्यक्रम. पण ज्याच्या घरी इंजिन आहे, पंप आहे, ट्रॅक्टर आहे किंवा गुऱ्हाळाचा चरक आहे, त्याचे पाय केव्हा ना केव्हा उद्यमनगराकडे वळतातच. आज मी तुम्हांला तिकडे नेणार आहे. पाहण्यासारखे तिथे वरवर काही नाही. ना देऊळ, ना बाग. तरी माझ्या मते कोल्हापूर ज्याला कळून घ्यायचे आहे त्याने तिथे एक सकाळ काढावी.

बागल चौकातून आत शिरलात की पाचपन्नास पावलांत आवाज बदलतो. लेथवर लोखंड सोलले जाताना जी बारीक किंकाळी उठते ती एका बाजूने, ऐरणीवरचा ठोका दुसऱ्या बाजूने, मध्येच वेल्डिंगचा चरचराट. वास तर विचारू नका. तापलेले तेल, ओली वाळू आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावर उकळणारा चहा, तिन्ही एकदम नाकात येतात. दुकाने लहान लहान. एकाकडे फक्त बोअरिंग, दुसऱ्याकडे फक्त क्रँक घासणे, तिसऱ्याकडे गिअरचे दात पाडणे. एका मेस्त्रीचे काम अडले तर तो दुसऱ्याला फोन करत नाही, रस्ता ओलांडून जातो.

हे सारे इथे उगवले ते शेतीच्या पाण्यावर. या जिल्ह्यात ऊस वाढला, नदीकाठी पाणी उपसायला तेलावरची इंजिने आली, गुऱ्हाळाचे चरक इंजिनावर फिरू लागले. ही इंजिने परदेशी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून सुटे भाग येईनासे झाले, आणि पिके तर थांबत नाहीत. तेव्हा इथल्या लोहार-सुतारांनी मोडलेला भाग समोर ठेवून तसाच दुसरा ओतला, घासला आणि बसवला. दुरुस्ती करता करता माणसे इंजिनच बनवायला शिकली. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा मोठ्या औद्योगिक वसाहती झाल्या आहेत आणि तिथले ओतीव भाग देशभरच्या वाहनांना जातात. पण मूळ गादी उद्यमनगराची. पाया आपल्या मोटेच्या जागी आलेल्या पंपाने घातला आहे, हे शेतकऱ्याने विसरू नये.

मी तिथे गेलो ते एका जीपच्या मागे. पंचगंगेकाठच्या एका गावात माझे कामानिमित्त जाणे असते. ऊस, सोयाबीन, थोडा भात असे तिथले पीक. त्या गावच्या एका घरातली ही जीप. घर म्हणजे आई, सत्तरी ओलांडलेली, आणि दोन मुलगे, दोघेही लग्नाचे, वाटण्या तोंडावर आलेल्या. जीप १९६८ सालची. घरच्या मालकांनी ती १९७८ साली सरकारी लिलावात घेतली. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षे तिने काय काय वाहिले त्याची यादी आईंना तोंडपाठ आहे. दुधाचे कॅन, उसाचे बेणे, बाळंतीण, वऱ्हाड, एकदा तर आजारी खोंड. मालक २०१२ साली वारले आणि गाडी गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहिली ती राहिलीच. मग २०१९ च्या ऑगस्टचा महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. गाडी बुडाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. दोन पुरांचा गाळ पोटात घेऊन ती छपरात रुतून बसली होती, चारही टायर बसलेले, बॉनेटवर कोंबड्या.

थोरला म्हणाला, भंगारात घाला. त्याचे म्हणणे उथळ नव्हते. दोन वेळा ऊस कुजला होता, सोसायटीचे कर्ज डोक्यावर होते. गाडीचे वजन साधारण एक टन, भंगारवाला किलोने पैसे द्यायला दारात उभा. धाकट्याला गाडी उभी करायची होती, पण त्याच्या मनातही विकण्याचाच हिशेब होता. जुन्या जीपांची हौस असणारी शहरातली मंडळी नीट केलेल्या गाडीला बरी किंमत देतात, असे त्याने ऐकले होते. आई दोघांचे ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, “ती गाडी तुमच्या बापानं आणली खरी, पण तिचं पैसं माझ्या म्हशींनी फेडल्यात. दुधाचं बिल दर दहा दिसाला मी त्यांच्या हातात दिलंय. वाटणीत ती धरायची न्हाई.” यावर दोन्ही मुले गप्प झाली. २०२२ च्या दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून जीप उद्यमनगरात आली.

आता या गाडीचे थोडे मूळ सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांना जीप म्हणजे सरकारी साहेबांची गाडी एवढेच ठाऊक. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला कुठेही जाणारी हलकी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या लहान कंपनीने केला. युद्धात गाड्या बनवल्या त्या मुख्यतः विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी, सहा लाखांहून अधिक. युद्ध संपल्यावर या गाड्या घेणार कोण? विलीजने १९४५ साली नागरी जीप काढली आणि ती दाखवली कोणाला, तर शेतकऱ्याला. नांगर ओढते, मागच्या शाफ्टवर पट्टा लावून यंत्र फिरवते आणि रविवारी चर्चलाही नेते, अशी तिची जाहिरात. नांगरटीला ती काही ट्रॅक्टरच्या तोडीची ठरली नाही, पण चिखलातून माल बाहेर काढायला तिच्यासारखी तीच.

आपल्याकडे महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच मुंबईत माझगावला सुटे भाग आणून जीपा जोडायला सुरुवात केली. पुढे परवान्यावर इथेच बनवलेले जे मॉडेल खेडोपाडी पोहोचले ते सीजे-३बी. अमेरिकेत ते १९५३ साली आले आणि १९६८ साली बंद झाले. आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षे बनत राहिले. ओळखायची खूण सोपी. बॉनेट उंच, पेटीसारखे. आत जे २.२ लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे त्याचे हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेट उंच. ऐंशीच्या दशकात प्यूजो डिझेलच्या जीपा आल्या आणि पेट्रोलच्या मागे पडल्या. मी नोकरीला लागलो तेव्हा तालुक्याच्या कचेरीतली जीप मिळाली की खालच्या वाडीपर्यंत बियाणे पोहोचायचे, नाही मिळाली की सायकल. २०२३ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची फेरनोंदणीच बंद झाली आहे, त्यामुळे कचेऱ्यांच्या आवारातून जुन्या गाड्या आता उठल्या.

तर आमचे मेस्त्री. वय अडुसष्ट, अंगाने काटकुळे, चष्म्याच्या एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेली. सगळे त्यांना मामा म्हणतात. गाडी ट्रॉलीतून उतरली तेव्हा आम्ही सगळे तिचा वरचा पत्रा बघून हळहळत होतो. मामांनी तिकडे पाहिलेही नाही. गोणपाट अंथरून ते गाडीखाली शिरले आणि लहान हातोडीने चेसिस वाजवायला लागले. “साहेब, वरचा गंज बघू नकासा. पत्रा काय, बाजारात मिळतोय. खालनं बघायचं.” चांगल्या लोखंडाचा आवाज टणक येतो, खाल्लेल्या लोखंडाचा भद्द, मडके तडकल्यासारखा. जिथे भद्द आवाज आला तिथे ते जाड दाभण टोचून बघत. पुढचा भाग चांगला निघाला. मागची आडवी पट्टी आणि डाव्या बाजूचा पाट्याचा हँगर गेलेला. अर्ध्या तासाने बाहेर आले. “दोन्ही लांब्या शाबूत हायत. त्या गेल्या असत्या तर मी गाडीला हात लावला नसता. तुम्हांला परत ट्रॉली भरायला लावली असती.”

पण त्याहून मोठी अडचण पुढे होती. चेसिसवर कंपनीने ठोकलेला नंबर असतो. गाडीच्या पुस्तकातला नंबर आणि हा नंबर जुळला तरच गाडी तुमची. परिवहन कचेरीतला माणूस त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि छाप घेतो. इथे त्या जागी गंजाची खपली चढली होती, बोटभर जाड. नंबर खाली शिल्लक आहे की गंजाने गिळला, हे कोणालाच सांगता येईना. नंबर गेला असता तर एवढा खर्च करून उभी केलेली गाडी कागदावर कोणाचीच ठरली नसती. धाकटा म्हणाला, ग्राइंडर मारू. मामांनी त्याच्या हातातून ग्राइंडर काढून घेतला. ग्राइंडरने गंजाबरोबर आकडेही जातात, आणि घासलेला नंबर दिसला की चोरीच्या गाडीचा संशय येतो. त्यांनी त्या जागेवर रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी बांधली, दर दोन तासांनी ओली केली, असे तीन दिवस. मग बांबूच्या कामटीने खपली सोडवली आणि बारीक पॉलिश पेपर बोटाने फिरवला. मी त्या दिवशी तिथे होतो. आधी शेवटचे दोन आकडे उमटले, मग मधले. पुस्तक हातात धरून धाकटा एकेक आकडा मोठ्याने वाचत होता, लहान पोर पाढे म्हणते तसा. सगळे जुळले. मामांनी लगेच त्यावर ग्रीस लावले आणि चहा सांगितला.

गंजाविषयी इथे थोडे बोलतो, कारण तो तुमच्याही घरात आहे. गव्हावर पडतो तो तांबेरा आणि लोखंडावर चढतो तो गंज, इंग्रजीत दोघांनाही एकच नाव आहे, रस्ट. रंग सारखा म्हणून नाव सारखे. पण गव्हावरची बुरशी असते आणि लोखंडावरचा गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांचे लग्न. मीठ मिसळले की हे लग्न घाईने लागते. आपण शेतात पोटॅश म्हणून जे टाकतो ते म्युरेट ऑफ पोटॅश हे मिठाचेच भावंड, त्यात क्लोराइड असते. अमोनियम सल्फेटही लोखंडाला वाईट. खतांची पोती ट्रॉलीत पंधरा दिवस पडून राहतात, फुटतात, हवेतला ओलावा ओढून पाझरतात आणि दोन वर्षांत ट्रॉलीच्या तळाला भोके पडतात. या जीपचा मागचा हौदा पुराआधीच निम्मा गेला होता, कारण तिने तीस वर्षे खत वाहिले होते. पेरणीयंत्राची खताची पेटी आणि ट्रॉली काम संपले त्याच दिवशी पाण्याने धुवा, उन्हात वाळवा आणि जळक्या तेलाचा बोळा फिरवा. हे मी पंचवीस वर्षे बैठकांतून सांगतो आहे. माना डोलतात, ट्रॉल्या गंजतात.

गंज काढायच्या ज्या दोन रीती मी मामांकडे पाहिल्या त्या तुम्हांला घरी करता येतील. एक मळीची. साखर कारखान्याची मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग, प्लास्टिकच्या पिंपात. त्यात गंजलेले नट-बोल्ट, बिजागऱ्या, कड्या टाकून झाकण लावायचे आणि दोन-तीन आठवडे विसरून जायचे. मळीतली द्रव्ये गंज धरून ठेवतात आणि लोखंडाला फारसे खात नाहीत. वास मात्र असा सुटतो की पिंप घरापासून लांब ठेवावे. ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा भाग त्यात टाकू नये, तो खराब होतो. दुसरी रीत विजेची. दहा लिटर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला, दोन्ही एकमेकांना न टेकता पाण्यात. काही तासांत गंज सुटून काळा गाळ होतो. यात स्टेनलेस स्टीलची पट्टी कधी वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करायचे, जवळ विडी-काडी नको, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी चार्जर बंद. गंज निघालेला भाग धुऊन पुसून लगेच तेल किंवा प्रायमर लावला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस होतो. पत्र्याच्या कोपऱ्यांतला जो गंज निघत नाही त्याला मामा फॉस्फरिक आम्लाचे औषध लावत. गंजाचे लोह-फॉस्फेट होऊन काळा थर बसतो आणि त्यावर रंग धरतो. याच आम्लापासून आपले डीएपी तयार होते, हे सांगितल्यावर कामावरच्या पोराने बाटली उलटसुलट करून पाहिली.

इंजिन जाम होते. पिस्टन सिलिंडरला चिकटलेले. चारही प्लग काढून मामांनी निम्मे डिझेल आणि निम्मे इंजिन ऑइल आत ओतले आणि कोणालाही क्रँकला जोर लावू दिला नाही. रोज सकाळी येऊन ते फ्लायव्हीलच्या दातांत पहार अडकवून एक हलका हिसका पुढे, एक मागे देत. आठव्या दिवशी फ्लायव्हील सुताएवढी हलली. “हाललं म्हंजे आलं.” त्यानंतर हेड खोलले. दोन सिलिंडरांत गंजाचे खड्डे होते, म्हणून ब्लॉक समोरच्या गल्लीत बोअरिंगला गेला आणि मोठ्या मापाचे पिस्टन पडले. धुराचा मॅनिफोल्ड तडकलेला निघाला. नवीन मिळेना. तेव्हा जुन्या मॅनिफोल्डवरून सुताराने लाकडी साचा केला. ओतीव लोखंड थंड होताना आखडते, म्हणून साचा मूळ भागापेक्षा केसभर मोठा ठेवावा लागतो, शंभराला एक या हिशेबाने. एका लहान भट्टीवाल्याने वाळूत तो ओतला. पहिल्या ओतकामात हवेचा फुगा राहिला, दुसरे बरोबर आले. ऐंशी वर्षांपूर्वी याच गल्ल्यांत इंजिनाचे भाग असेच होत असतील, असे ते पाहताना वाटले.

गिअरबॉक्सचा तळबोल्ट सोडला तेव्हा तेलाऐवजी ताकासारखे पांढुरके पाणी आणि त्यामागून वीतभर गाळ आला. इथे मामांनी एक गोष्ट सांगितली ती पूरपट्ट्यातल्या प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावी. बुडालेला ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल पूर ओसरल्यावर लगेच चालू करू नये. सिलिंडरात पाणी असेल तर हवेसारखे ते दाबले जात नाही. स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची तार काढा, प्लग किंवा इंजेक्टर काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर टाका. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल या सगळ्यांचे तेल बदला, चालू झाल्यावर थोड्या दिवसांनी पुन्हा बदला. तेल दुधाळ दिसले की समजा पाणी अजून आत आहे. पुरानंतर बिघडून आलेल्या इंजिनांपैकी निम्मी पाण्याने नव्हे, घाईने बिघडलेली असतात, असा मामांचा अनुभव.

काम तीन महिने चालले. मध्ये थोरला एकदा आला. हिशेबाची वही मागून घेतली आणि उभ्याउभ्या वाचली. खर्च दोन चांगल्या दुभत्या म्हशींच्या किमतीएवढा झाला होता. तुम्ही मला विचाराल तर पैशाच्या हिशेबाने थोरल्याचेच बरोबर होते. एवढ्या पैशात जुनी पिकअप आली असती, आणि ती लिटरला जास्त चालली असती. नफ्यासाठी कोणी जुनी जीप उभी करत असेल तर मी त्याला करू नको असेच सांगेन. पण पैसे आईंचे होते, दुधाचे, आणि त्यांनी कोणाकडे मागितले नव्हते. थोरल्याने वही परत दिली आणि जाताना मामांना विचारले, “मागचा हँगर नवा केला ना? तो बाबांच्या वेळेपासून करकरत होता.” त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला.

कागदांचे काम धाकट्याने केले. गाडी अजून वडिलांच्या नावावर, ती आधी वारस म्हणून आईंच्या नावावर केली. २०२१ साली केंद्राने जुन्या वाहनांसाठी एक वेगळा नियम आणला आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढे नूतनीकरणाला ५ हजार. परंतु अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच. हे आईंना समजावून सांगितले तर त्या म्हणाल्या, “मग ती काय दारात बांधून पुजायची? वैरण कोण आणणार?” त्यामुळे नेहमीचीच नोंदणी पाच वर्षांसाठी नवी केली, तपासणी करून, पर्यावरण कर भरून. पेन्सिलीचा छाप पहिल्या झटक्यात उमटला.

फेब्रुवारीत गाडी पहिल्यांदा लांब नेली, गगनबावड्याच्या रस्त्याने. मामा पुढे, धाकटा चाकावर, मी आणि थोरला मागच्या बाकड्यावर गुडघे जुळवून. बालिंग्याला भोगावतीचा पूल ओलांडला की दोन्ही अंगांना ऊस. तोडणी चालू होती, बैलगाड्यांच्या रांगा कारखान्याकडे लागलेल्या, मध्येच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर आणि उकळत्या रसाचा गोड वास. कळ्याच्या पुढे डोंगर जवळ येऊ लागतात. साळवणच्या बाजूला उसाबरोबर भाताची रिकामी खाचरे दिसतात, लाल माती, गवताच्या गंज्या. गगनबावडा म्हणजे जिल्ह्यातला पावसाचा माहेरवास. फेब्रुवारीतही तिथल्या कातळावर वाळलेले शेवाळ असते. तिथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. आम्ही घाटमाथ्यावर थांबलो. खाली दरीत दुपारचे धुरकट ऊन होते. मामांनी दरीकडे पाहिलेच नाही, त्यांनी बॉनेट उघडून रेडिएटरवर हात ठेवला.

परतताना एका ओहळाजवळ त्यांनी गाडी चिखलात घालायला लावली. जीपला मोठ्या गिअरदांड्याशेजारी दोन लहान दांड्या असतात. एकीने पुढची चाके जोडली जातात, दुसरीने सगळे गिअर जवळजवळ अडीच पट हळू आणि तेवढेच जोरकस होतात. पुढची चाके आधी जोडायची, मग हळू गिअर. चिखलातून गाडी रेड्यासारखी संथ बाहेर आली. पण डांबरी रस्त्यावर येताच मामा ओरडले, “काढ ती दांडी!” वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडे घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर घसरायला वाव नसतो, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो आणि एखादा दात तुटतो. तुमच्याकडे चारचाकी ओढीचा ट्रॅक्टर असेल तर त्यालाही हेच लागू. शेत सुटले की पुढची ओढ सोडा. टायरही वाचतात.

मामांकडे आता दोन पोरे शिकतात. एक आयटीआय झालेला आहे, त्याला आकडे येतात. दुसरा सातवीतून सुटलेला, त्याला आवाज कळतो. मामांना विचारले, यांतला कोण टिकेल? ते म्हणाले, “दोघंबी मोठ्या कंपनीत जातील, आणि जावं. महिन्याला ठरलेला पगार आहे तिथं. मी अडवायचा नव्हं.” त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्याला संगणकाचे काम करतो. साच्याचे काम करणारा सुतार तर त्या गल्लीत एकच उरला आहे.

गाडी घरी गेली. शहरातला एक गृहस्थ दोनदा येऊन किंमत सांगून गेला, आईंनी चहा पाजून पाठवला. २०२४ च्या जुलैत पंचगंगेने पुन्हा ४३ फुटांची पातळी ओलांडली. गावात पाणी शिरायच्या आदल्या रात्री थोरल्याने जीप काढली. पाणंदीत गुडघाभर चिखल झाला होता, ट्रॅक्टरची ट्रॉली रुतून बसलेली. जीपने तीन खेपा केल्या. पहिल्या खेपेला आई, सुना आणि पोरे. दुसऱ्या खेपेला तीन वासरे आणि दुधाचे कॅन. तिसऱ्या खेपेला शेजारच्या घरातली म्हातारी, तिची शिधापत्रिकेची पिशवी आणि दोन पोती पेंड. मोठ्या म्हशी धाकट्याने चालवत वर नेल्या. गाडी वरच्या माळावर पाहुण्यांच्या अंगणात लावून, हातब्रेक ओढून आणि चाकाला दगड देऊन थोरल्याने मामांना फोन केला. रात्रीचे अकरा वाजले असतील.

मामांनी एवढेच विचारले, “ब्रेकच्या ड्रममध्ये चिखल गेलाय. सकाळी चाकं काढून धुणार हायसा का मी येऊ?”